‘ज्याची त्याची आवड’ या वाक्याविरुद्ध

पदव्युत्तर वर्गाला बालसाहित्य आणि माध्यमांतर हा घटक शिकवताना आम्ही गेली काही वर्षे ‘बेब’ हा चित्रपट दाखवत आलो आहोत. चित्रपट संपला की चर्चेला तोंड फुटते. अर्धा तास ती चांगली रंगते. मग कोणीतरी, बहुधा आमच्यापैकीच एखादा सहकारी, समजूतदारपणे म्हणतो, ‘शेवटी काय, ज्याची त्याची आवड!’ सगळे माना डोलावतात, वह्या मिटतात, तास संपतो. हे वाक्य नम्र वाटते, उदार वाटते, लोकशाहीला धरून वाटते. आमच्या मते साहित्याच्या वर्गात याच्याइतके अनर्थकारक वाक्य दुसरे नाही. आणि हे दाखवून देण्यास मेंढ्या राखणाऱ्या एका डुकराची गोष्ट पुरेशी आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९५ सालचा हा ऑस्ट्रेलियन चित्रपट क्रिस नूनन यांनी दिग्दर्शित केला. निर्मितीत आणि पटकथेत जॉर्ज मिलर यांचा वाटा होता. आधार होता डिक किंग-स्मिथ या इंग्रज लेखकाच्या ‘द शीप-पिग’ या १९८३ सालच्या बालकादंबरीचा. किंग-स्मिथ अनेक वर्षे शेती करून मग शिक्षक आणि लेखक झाले होते. जत्रेत वजन ओळखण्याच्या पैजेत शेतकरी हॉगेट यांना डुकराचे एक अनाथ पिल्लू मिळते. फ्लाय नावाची कुत्री त्याला पोटच्या पिल्लांप्रमाणे वाढवते. ते मेंढ्या हाकायला शिकते आणि अखेरीस मेंढपाळ कुत्र्यांच्या स्पर्धेत उतरून पैकीच्या पैकी गुण मिळवते. चित्रपटाला ऑस्करची सात नामांकने होती, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही होते. प्रत्यक्षात मिळाले ते दृश्य परिणामांचे.

आता मते पाहू. दरवर्षी थोड्याफार फरकाने तीच चार मते पुढे येतात. पहिले: हे गोंडस जनावरांचे निरागस बालरंजन आहे, पदव्युत्तर वर्गात त्याचे काय काम? दुसरे: ‘स्वप्न पाहा, जन्माने ठरवून दिलेली चौकट मोडा’ असा हा प्रेरणादायी संदेश आहे. तिसरे: हा शाकाहाराचा छुपा प्रचार आहे. आणि चौथे, वर्गातील सर्वांत वाचलेल्या विद्यार्थ्याचे: हा मुळात प्रस्थापितांचा चित्रपट आहे, डुक्कर मालकाच्या उपयोगी पडते म्हणून वाचते, व्यवस्था जिथल्या तिथे राहते.

ही चारही मते सारख्याच तोलाची आहेत असे आम्ही मानत नाही.

पहिले मत तर चित्रपटाच्या पहिल्या काही मिनिटांतच कोसळते. सुरुवात होते ती बंदिस्त, अंधाऱ्या वराहपालन केंद्रात. मोठी डुकरे आनंदाने मालमोटारीत चढतात, कारण ती वराहांच्या स्वर्गात जात आहेत अशी त्यांची समजूत आहे. ज्याला हे निरागस वाटते त्याने डोळे मिटून चित्रपट पाहिला असला पाहिजे. शिवाय ‘बोलणारे प्राणी म्हणजे पोरखेळ’ हे मराठीच्या विद्यार्थ्याने म्हणावे याचे आम्हांला नवल वाटते. विष्णुशर्म्याने राजपुत्रांना राजनीती शिकवली ती कोल्ह्या-सिंहांच्या तोंडूनच. पैठणला ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवले ही आख्यायिका आपल्या संस्कृतीने शतकानुशतके सांभाळली, ती रेड्याची गंमत म्हणून नव्हे. बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तिच्या पोटात आहे.

दुसरे मत अधिक लोकप्रिय आणि म्हणूनच अधिक धोकादायक. ते अर्धे खरे आहे. पण स्वप्नाची ही गोष्ट सांगणाऱ्याला आम्ही एकच प्रश्न विचारतो: फर्डिनंडचे काय? फर्डिनंड हे बदक रोज पहाटे कोंबड्यासारखे आरवते. हौस म्हणून नव्हे. माणसे निरुपयोगी प्राण्यांना खातात, उपयोगी प्राण्यांना राखतात, हे त्याने ताडले आहे. हॉगेटबाई गजराचे घड्याळ विकत आणतात आणि एका यंत्रापायी त्याची नोकरी जाते. पुढे नाताळच्या जेवणात बेबऐवजी रोझॅना नावाची बदकीण ताटात येते. बाहेरून, खिडकीतून, फर्डिनंड ते पाहतो आणि शेत सोडून जायला निघतो. लक्षात घ्या, मूळ कादंबरीत फर्डिनंड नाही. चित्रपटकर्त्यांनी हे पात्र मुद्दाम घडवले आहे. माध्यमांतराच्या अभ्यासकाला याहून मोठा पुरावा कोणता हवा? जे भरीस घातले जाते तेच बहुधा रूपांतरकाराचे भाष्य असते.

तिसऱ्या मताचे समर्थक येथे उत्साहित होतील. हॉगेटची भूमिका करणारे जेम्स क्रॉमवेल आधीपासून शाकाहारी होते आणि या चित्रपटाच्या काळात त्यांनी सर्वच प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य केले, हेही ते सांगतील. पण नटाचा आहार म्हणजे संहितेचा अर्थ नव्हे. प्रचार म्हणावा तर तो कोणाच्या तरी तोंडून यायला हवा; येथे तर कोणीही मांसाहाराचा निषेध करत नाही. स्पर्धेच्या आदल्या रात्री मांजर बेबला थंडपणे सांगते की डुकराचे प्रयोजन एकच, माणसाच्या ताटात जाणे. बेब फ्लायकडे जाऊन खातरजमा करतो: मालकसुद्धा? फ्लायला खोटे बोलता येत नाही. चित्रपट मालकाला खलनायक करत नाही आणि निर्दोषही ठरवत नाही. ज्याच्यावर जीव लावला तोच आपल्या जातीला खातो, या ज्ञानासह बेबला जगायचे आहे. प्रचाराला अशी गुंतागुंत परवडत नाही.

राहिले चौथे मत. त्याच्याशी आमचा खरा वाद आहे, कारण ते पुराव्यावर उभे आहे. बेब वाचतो तो असामान्य आहे म्हणून, हे खरे. रोझॅना असामान्य नव्हती, म्हणून ती मेली आणि शेवटच्या टाळ्यांच्या कडकडाटात तिची आठवणही कोणाला राहत नाही, हेही खरे. आम्ही या आरोपाला आणखी एक दाखला जोडतो: पिल्ले भराभर वाढतात म्हणून चित्रीकरणात बेबच्या भूमिकेसाठी ४८ डुकरे वापरावी लागली. पडद्यावरचा तो एकमेवाद्वितीय बेब म्हणजे ४८ सामान्य डुकरांची बेरीज आहे. अपवादाच्या गोष्टीवर याहून बोचरी टीका आम्हांला सुचत नाही.

तरीही हे मत आम्हांला अपुरे वाटते, आणि त्याचे कारण भाषेत आहे. चित्रपटात कुत्रे मेंढ्यांना मूर्ख समजतात आणि मेंढ्या कुत्र्यांना लांडगे म्हणतात. गंमत अशी की दोघेही एकमेकांशी सावकाश, शब्द तोडून बोलतात, कारण समोरचा मठ्ठ आहे याबद्दल दोघांनाही खात्री आहे. बेब प्रथम कुत्र्यांचे अनुकरण करून पाहतो, एका मेंढीला चावतोही. मग माफी मागतो, विनंती करतो, आणि कळप शिस्तीत चालू लागतो. आम्ही विद्यार्थ्यांना हे संवाद मराठीत करायला देतो, तेव्हा इंग्रजीत झाकलेली एक गोष्ट उघडी पडते: सर्वनाम निवडावेच लागते. कुत्रे मेंढ्यांना ‘तू’ म्हणणार, किंबहुना ‘ए’ म्हणणार. बेब म्हाताऱ्या मेंढीला ‘तुम्ही’ म्हणणार. एका विद्यार्थिनीने तिला ‘मावशी’ केले आणि सगळा प्रसंग जागेवर बसला. आता शेवट आठवा. स्पर्धेच्या मैदानावरच्या अनोळखी मेंढ्या बेबला दाद देत नाहीत, तेव्हा रेक्स हा गर्विष्ठ, कानाने अधू झालेला कुत्रा घराकडे धावतो आणि आपल्याच मेंढ्यांपुढे नमून परवलीचे शब्द मागतो. त्या देतात, पण यापुढे नीट वागण्याचे वचन घेऊन. म्हणजे व्यवस्था जशीच्या तशी राहिलेली नाही. मालकी बदलली नाही, संबोधन बदलले. हा बदल पुरेसा आहे काय? नाही. तो काहीच नाही काय? संबोधनांवरून पिढ्यान्‌पिढ्या अपमान झालेल्या समाजात असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

वर्गातील आणखी एक मत सांगायलाच हवे. धनगर कुटुंबातून आलेला एक विद्यार्थी म्हणाला, ‘सर, आमच्याकडे कुत्रा मेंढरं हाकतच नाही. तो लांडग्यापासून राखण करतो. मेंढरं माणसाच्या हाकेवर चालतात.’ वर्ग हसला. आम्ही हसलो नाही. कुत्र्याच्या धाकाशिवाय कळप चालू शकतो हे बेबला जे शोधून काढावे लागते, ते त्या मुलाला घरातच ठाऊक होते. त्याचे मत म्हणजे ‘त्याची आवड’ नव्हती. तो पुरावा होता, आणि त्याने आमचे वाचन सुधारले.

येथे कोणी वाचककेंद्री समीक्षेचा आधार घेईल. अर्थ वाचक घडवतो, मग वाद कशाला? पण इझर यांनी संहितेतील रिकाम्या जागांची चर्चा केली तेव्हा त्या जागांच्या कडा संहिताच आखते हेही सांगितले. फिश यांनी अर्थाचे श्रेय अन्वयार्थ लावणाऱ्या समुदायांना दिले. एकेकट्याच्या लहरीला नव्हे. सिद्धान्ताची नावे घेऊन आळस झाकण्याची सोय या दोघांनीही केलेली नाही.

मतभेदाचे मोल १९९८ साली आलेल्या दुसऱ्या भागाने अधिक स्पष्ट केले. ‘बेब: पिग इन द सिटी’ स्वतः मिलर यांनी दिग्दर्शित केला. तो धंद्यात आपटला. मुलांसाठी फार काळोखा आहे अशी ओरड झाली. त्याच वर्षी अमेरिकन समीक्षक जीन सिस्केल यांनी त्याला वर्षातील सर्वोत्तम चित्रपट म्हटले. बेबचा पाठलाग करणारा कुत्रा पुलावरून साखळीला लटकतो, त्याचे डोके पाण्यात बुडते, बाकीचे नुसते पाहत राहतात आणि ज्याच्या जिवावर तो उठला होता तोच बेब त्याला वाचवतो. हे दृश्य मुलांना दाखवावे की नाही, यावर मते भिन्न असू शकतात, असावीतही. पण दोन्ही बाजूंनी बोट त्या दृश्यावर ठेवून बोलले पाहिजे.

आमचे मागणे एवढेच आहे. विद्यार्थ्याने ‘मला आवडले’ म्हटले की विचारावे, कुठे? ‘नाही आवडले’ म्हटले की विचारावे, कोणत्या प्रसंगी? ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून आपण त्याचा मान राखत नाही. त्याला खोडून काढण्याइतकेही महत्त्व देत नाही. वर्गात आम्ही एकमेकांशी सावकाश, शब्द तोडून, समोरचा मठ्ठ आहे असे गृहीत धरून बोलत आलो आहोत, हे आम्हांला या चित्रपटाने दाखवले. पुढच्या वर्षी फर्डिनंडपासून सुरुवात करण्याचा आमचा विचार आहे. आमच्या वाचनातील चूक कोणाला सापडली, तर तिने किंवा त्याने प्रसंगानिशी ती जरूर दाखवावी.