चुंबकाची बातमी वाचताना विचारा : किती थंडीत?

‘उंदरांवर प्रयोग यशस्वी’ अशी औषधाची बातमी आली, तर आता बहुतेक वाचक सावध होतात. माणसांवरच्या चाचण्या अजून व्हायच्या आहेत, हे आपल्याला कळते. एकेका रेणूच्या चुंबकांबद्दलच्या बातम्यांबाबत मात्र ही सावधगिरी अजून आलेली नाही. नखाएवढ्या तबकडीवर अख्खे ग्रंथालय मावेल, असे मथळे अधूनमधून येतात आणि विरून जातात. यात नुकसान संशोधनाचे होते. आधी ते चुकीच्या कारणासाठी मिरवले जाते आणि आश्वासन फळले नाही की चुकीच्याच कारणासाठी निरुपयोगी ठरते. कोबाल्टचे उदाहरण घेऊ.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत अनेकांनी हा प्रयोग पाहिला असेल. कोबाल्ट क्लोराइडच्या गुलाबी द्रावणात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की ते निळे होते, परीक्षानळी बर्फात धरली की पुन्हा गुलाबी. कोबाल्टचा आयन तोच असतो, बदलतात ते शेजारी. गुलाबी द्रावणात त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू असतात, निळ्यात क्लोराइडचे चार आयन. शेजारी बदलले की रंग बदलतो, तसेच चुंबकत्वही बदलते.

कोबाल्टचे चुंबकत्व येते इलेक्ट्रॉनच्या फिरकीतून आणि केंद्रकाभोवतीच्या त्याच्या कक्षीय गतीतून. सहा बाजूंनी शेजारी असले की ही कक्षीय गती बरीचशी दबून जाते. गच्च भरलेल्या लोकलमध्ये स्वतःभोवती वळायलाही जागा नसते, तसेच काहीसे. मग शेजारी दोनच ठेवले, एक वर आणि एक खाली, अगदी सरळ रेषेत, तर? इलेक्ट्रॉनला त्या रेषेभोवती फिरायला वाव मिळतो आणि चुंबकत्व त्याच रेषेला घट्ट धरून राहते.

कल्पना सोपी आहे, करणे कठीण. दोनच शेजारी असलेला कोबाल्ट पाणी, प्राणवायू, द्रावक, जे मिळेल त्याला जवळ ओढतो. म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्याला दोन अवाढव्य गट जोडतात. त्यांच्या आडोशामुळे तिसऱ्याला आत शिरता येत नाही. सारे काम आर्गॉन किंवा नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत, हातमोज्यांतून करावे लागते.

२०१८ मध्ये बर्कलीचे जेफ्री लाँग, जर्मनीचे फ्रँक नीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये असा एक रेणू मांडला. सुट्या कोबाल्ट आयनात असते तेवढी पूर्ण कक्षीय गती त्यात टिकून होती. अकरावीत आपण ‘ऑफबाऊ’चे तत्त्व शिकतो, की कमी ऊर्जेची ऑर्बिटल्स आधी भरतात. इथे खालच्या ऑर्बिटलमध्ये जोडीला जागा असूनही एक इलेक्ट्रॉन वर राहिला होता. शेजाऱ्यांचा दाब इतका कमी होता, की इलेक्ट्रॉनांचे आपसातले प्रतिकर्षण वरचढ ठरले. माझ्या मते खरी बातमी ही होती. पाठ्यपुस्तकातला नियम कुठे लागू होत नाही, हे रेणू घडवून आणि मोजून दाखवले गेले.

हार्ड डिस्कचे काय? चुंबकाची दिशा उलटण्याच्या वाटेवरचा अडसर उंच असणे एक आणि दिशेची स्मृती टिकणे दुसरे. क्वांटम नियमांमुळे इलेक्ट्रॉन अडसर न ओलांडता ‘बोगद्यातून’ पलीकडे जाऊ शकतो. स्फटिकातली कंपनेही स्मृती पुसतात. १९९३ मध्ये मँगॅनीजच्या बारा अणूंच्या रेणूने चुंबकीय स्मृती जवळपास दोन महिने टिकवता येते हे दाखवले, पण शून्याखाली २७१ अंशांना. २०१८ मध्येच डिस्प्रोशियमच्या एका रेणूने द्रव नायट्रोजनचा टप्पा ओलांडला, तेही उणे १९३ अंश. कोबाल्टचे रेणू या बाबतीत खूप मागे आहेत. ते खिशातल्या फोनमध्ये येण्याची चिन्हे नाहीत.

मग यावर जनतेचा पैसा का खर्च करावा? प्रश्न रास्त आहे. या मोजमापांना लागणारे द्रव हेलियम महाग आहे आणि भारताला ते आयात करावे लागते. तरीही माझे उत्तर ‘करावा’ असेच आहे. १९४६ मध्ये ब्लॉख आणि पर्सेल यांनी अणुकेंद्रकांचे चुंबकीय अनुनाद मोजले, तेव्हा ते रुग्णालयासाठी यंत्र बनवत नव्हते. शरीराच्या एमआरआय प्रतिमा यायला १९७०चे दशक उजाडले. प्रत्येक संशोधनाचे असे होईल, असे मुळीच नाही. पण अणूच्या शेजाऱ्यांमधून त्याचे चुंबकत्व कसे घडते, हे ज्ञान एका धातूपुरते राहत नाही. २०१६ मध्ये पवईच्या आयआयटीतल्या गटाने हवेत टिकणारा डिस्प्रोशियमचा एकरेणू चुंबक बनवला, तोही शेजाऱ्यांची मांडणी नेमकी साधूनच.

निधीसाठी संशोधकांना हार्ड डिस्कची स्वप्ने दाखवायला लावणे आपण थांबवायला हवे. खोट्या आशेवर मिळवलेला पैसा आशेबरोबरच आटतो आणि मधल्या मध्ये प्रयोग करणारे विद्यार्थी अडकतात. त्यापेक्षा वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत : हा चुंबक किती थंडीत काम करतो? हवेत टिकतो का? स्मृती किती वेळ राहते? उत्तरे निराशाजनक असली, तर चौथा प्रश्न विचारावा : यातून नवे काय कळले? कोबाल्टकडे त्या चौथ्या प्रश्नाचे चोख उत्तर आहे आणि पैसे मागायला तेवढे पुरेसे असले पाहिजे.