स्टिअरिंगचें तेल गळतें तेव्हां

जुन्या मोटारीखालीं तेलाचा डाग दिसला कीं, टाकींत थोडें तेल घालून स्वस्थ बसण्याकडे पुष्कळांचा कल असतो. स्टिअरिंगच्या बाबतींत मात्र हें औदासीन्य महागांत पडतें. तेल संपलें तरी चाकें वळतात खरीं. परंतु ऐन वळणावर हातांतील चक्र एकाएकीं जड होतें. शिवाय गळणारें तेल धुराच्या तप्त नळावर पडल्यास पेट घेऊं शकतें.

तेलाच्या दाबानें चालकाचे श्रम हलके करण्याची योजना फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्यानें १९२६ मध्यें गाडीवर बसवून दाखविली. बाजारांतील मोटारींत ती १९५१ च्या क्रायस्लर इंपीरियलमध्यें प्रथम आली. पंप, दाबाची नळी, परतीची नळी व स्टिअरिंगची पेटी हे तिचे मुख्य अवयव. चक्र पूर्ण वळविलें असतां दाब चौरस इंचास हजार पौंडांच्या आसपास जातो. वयोमानानें रबर कडक झालें कीं, हा दाब वाट शोधणारच!

डाग जेथें पडतो तेथेंच गळती असते असें नव्हे. तेल ओघळत दूरवर जातें. म्हणून प्रथम सर्व भाग धुऊन कोरडे करावे, इंजिन चालू ठेवून दुसऱ्याकडून चक्र दोन्ही बाजूंस फिरवावें व ओल प्रथम कोठें उमटते तें वरपासून खालीं पाहात यावें. दाबाच्या नळीवर बोट फिरवूं नये. बारीक धार कातडींत शिरते व इजा गंभीर होते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून परीक्षा करावी.

नळीचा सांधा ओला असेल तर तो बेतानेंच आवळावा. नळी भेगाळली असल्यास दाब सोसणारीच नवी आणावी, साधी रबरी नळी चालत नाहीं. पंपाच्या किंवा पेटीच्या दांड्याशीं तेल येत असेल तर ऑइल सील बदलावें. मात्र दांड्यावर खांच पडली असेल तर नवें सीलहि लवकरच गळूं लागेल. आधीं तो दांडा दुरुस्त करावा.

तेलाची निवड हा तर कळीचा मुद्दा. ब्रेकचें तेल येथें घातल्यास सीलें बिघडतात. १९५५ च्या सिट्रोएन डीएस गाडींत स्टिअरिंग, ब्रेक व स्प्रिंगा एकाच तेलावर चालत. आरंभीं तें लाल होतें, पुढें हिरवें खनिज तेल आलें. एकाच्या जागीं दुसरें घातलें कीं सर्व रबराचा नाश! म्हणून गाडीचें पुस्तक पाहिल्यावांचून डबा उघडूं नये.

शेवटीं पुढचीं चाकें उचलून, गाडी आधारांवर नीट टेकवून, इंजिन बंद ठेवून चक्र सावकाश दोन्ही टोकांस न्यावें व टाकी भरीत जावें. फेस थांबला म्हणजे हवा गेली. गळती बंद करण्याचीं बाटलींतील औषधें फार तर कांहीं दिवस वेळ मारून नेतात. जुनें वाहन जतन करणाऱ्यानें तेल ओतण्यापेक्षां कारण शोधण्याची संवय लावून घ्यावी, यांतच कुटुंबाची सुरक्षितता आहे.