आपण बसलो तरी पळतच असतो

माझ्या वर्गमित्रांनो आणि शाळा बघायला आलेल्या आईवडिलांनो,

आमचे गाव पंढरपूर तालुक्यात आहे. दिवाळी झाली की ऊसतोड सुरू होते आणि शाळेपुढच्या रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर जातात. मागे दोन दोन ट्रॉल्या असतात. काही मुले ट्रॉलीमागे पळतात, ऊस ओढतात, लोंबकळतात. मीपण लोंबकळलो आहे, खोटे कशाला सांगू? पण आता माझे मत बदलले आहे. ते का बदलले ते लिहितो.

मागच्या महिन्यात माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, रिकाम्या ट्रॉलीत बसून आला. गावात ट्रॅक्टर थांबला नाही म्हणून त्याने उडी टाकली. पाय जमिनीला लागले आणि तो तोंडावर आपटला. हनुवटीला तीन टाके पडले. रात्री तो मला म्हणाला, "आरं, मी तर गप बसलो हुतो. उडीबी सरळ खाली टाकली. मग मला फुडं ढकललं कुनी?" काकू म्हणाली, "मस्ती नडली." पण मस्ती कशी ढकलेल? मला काही उत्तर येईना.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "तू कधी होडीत बसलास का?" मी चंद्रभागेत होडीत बसलो होतो. होडी निघाली तेव्हा मला वाटले, घाटच मागे चालला. शेजारी बसलेली आई मात्र जागच्या जागी होती. गुरुजी म्हणाले, ही गोष्ट आर्यभट यांनीसुद्धा लिहिली आहे. त्यांनी इ. स. ४९९ साली, वयाच्या २३ व्या वर्षी 'आर्यभटीय' हा ग्रंथ लिहिला. होडीतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, तसेच फिरणाऱ्या पृथ्वीवरून आपल्याला तारे पश्चिमेला जाताना दिसतात, असे त्यांनी सांगितले.

म्हणजे माणूस थांबला आहे की पळतो आहे, हे कशाकडे बघून सांगतो त्यावर असते. ट्रॉलीकडे बघितले तर दादा गप बसला होता. रस्त्याकडे बघितले तर तो ट्रॅक्टरच्याच वेगाने पळत होता. उडी टाकली तरी ती गती अंगातून गेली नाही. पाय जमिनीला लागून थांबले आणि वरचे अंग पुढेच चालले. त्याला कोणीच ढकलले नव्हते! याला जडत्व म्हणतात. बाहेरून जोर लागत नाही तोपर्यंत थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चाललेली वस्तू त्याच वेगाने सरळ चालत राहते. हा नियम न्यूटन यांनी १६८७ साली आपल्या पुस्तकात मांडला.

मी घरी हे सांगितले तर आज्जा म्हणाला, "आम्ही बैलगाडीतनं रोज उड्या मारल्या. कुटं काय झालं?" मग आम्ही वर्गाने मोजायचे ठरवले. रस्त्याच्या कडेने १०० मीटर अंतर टेपाने मोजले आणि दोन्हीकडे चुन्याने खुणा केल्या. गुरुजींनी मोबाईलवर वेळ लावली. बैलगाडीला १०० सेकंद लागले. सायकलला २५ सेकंद लागले. भरलेल्या ट्रॅक्टरला २० सेकंद लागले. अंतराला वेळेने भागले की वेग येतो. बैलगाडी एका सेकंदात १ मीटर जाते, सायकल ४ मीटर आणि ट्रॅक्टर ५ मीटर. रिकामा ट्रॅक्टर तर त्याहून जोरात जातो. मी आज्जाला वही दाखवली. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "मंग आमची गाडी लई गरीब हुती म्हनायची."

दुसरी गोष्ट थांबण्याची. वाखरीजवळ बाजीराव विहिरीला माऊलींच्या पालखीचे रिंगण होते. एवढी गर्दी असते, पण घोड्याची वाट सगळे मोकळी ठेवतात. पळणारा घोडा जागच्या जागी थांबत नाही, हे वारकऱ्यांना माहीत असते. मग उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या कशा थांबतील? जेवढे वजन जास्त तेवढे थांबवणे अवघड. आणि ड्रायव्हरने गाणी मोठ्याने लावलेली असतात. मागे कोणी पडले तर त्याला ऐकूसुद्धा येत नाही.

एक मुलगा म्हणाला, "गती एवढी वाईट, तर मग सायकलपण नको चालवायला." मला हे पटत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, तेव्हा आपले सोलापूर तासाला सुमारे १६०० किलोमीटर वेगाने जात असते. तरी आपण पडत नाही, कारण शाळा, झाडे, हवा सगळे आपल्याबरोबरच जाते आणि मध्येच कोणी थांबत नाही. म्हणून माझे मत असे आहे की गती वाईट नाही, एकदम थांबणे वाईट. दादाला गती लागली नाही, रस्ता लागला.

मित्रांनो, ऊस खायचा असेल तर फडात जाऊन मागा. तोडीवाले मामा एखादे कांडे देतात. चालत्या ट्रॉलीला हात लावू नका. आईवडिलांना पण एक विनंती आहे. "हळूच चाललीय, टाक उडी," असे आम्हाला म्हणू नका. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय आम्हाला उतरवू नका. गाडी हळू आहे की जोरात, हे बसलेल्याला नीट कळत नाही. मोजल्यावर कळते.

दादाचे टाके आता काढले आहेत. तो परवा ट्रॅक्टर थांबेपर्यंत बसून राहिला आणि शाळेपासून घरापर्यंत मागे चालत आला. त्याला उशीर झाला, पण काकू रागावली नाही.

चूकभूल द्यावी घ्यावी.

— इयत्ता चौथीचा विद्यार्थी