जस्ताची टंचाई कोणाच्या वाट्याला?

जस्त म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे येते ती जस्ताची बादली आणि झोपडीवरचा पत्रा. जस्त आणि कथील यांची गल्लत तर सुशिक्षितही करतात. कल्हई होते ती कथलाची, जस्ताची नव्हे. परंतु आजीच्या हंड्याचे पितळ तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणानेच बनते, विजेरीतील साध्या सेलचे कवच जस्ताचे असते आणि टायरच्या रबरातही जस्ताची पूड लागते. जगातील जस्तापैकी निम्म्याहून अधिक जस्त लोखंडाला गंजापासून वाचविण्यासाठी खर्ची पडते. जो धातू स्वतः झिजून दुसऱ्याला वाचवितो त्याची आठवण कोणी ठेवीत नाही, हे कामगारवर्गाला नव्याने सांगावयास नको.

या धातूचा इतिहास आपल्याच भूमीत घडला. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळते. खनिजातून ते सुटे होते त्याहूनही अधिक तापमानाला. म्हणजे भट्टीत धातू हाती येतो तो वाफेच्या रूपाने, आणि हवा लागताच त्या वाफेची पांढरी राख होते. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथील कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भट्टीत उलट्या बसवून ही वाफ खालच्या थंड भांड्यात उतरविण्याची युक्ती काढली. 1983 च्या उत्खननात अशा 36-36 मुशींच्या भट्ट्या सापडल्या. इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने 1738 मध्ये जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचे पेटंट घेतले, त्याच्या कितीतरी शतके आधी हा उद्योग येथे मोठ्या प्रमाणावर चालत होता. पेटंटावर चॅम्पियनचे नाव राहिले. जावरच्या कारागिरांपैकी एकाचेही नाव कोणास ठाऊक नाही.

तथापि खरा प्रश्न बादलीचा नसून भाकरीचा आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात जेमतेम दोन ते तीन ग्रॅम जस्त असते. पण ते रोजच्या अन्नातून यावे लागते, कारण शरीर त्याचा साठा करीत नाही. 1961 च्या सुमारास इराणमधील शिराझ येथे डॉ. आनंद प्रसाद या भारतीय वैद्यकाने वाढ खुंटलेले तरुण पाहिले. वयाने वीस-एकवीस, दिसावयास दहा वर्षांचे. त्यांचा आहार म्हणजे मुख्यतः बिनआंबवलेली रोटी. धान्याच्या कोंड्यातील फायटेट जस्ताला बांधून ठेवते व ते शरीराला मिळू देत नाही, हे कारण पुढे स्पष्ट झाले. मोड आणल्याने आणि आंबवल्याने हा दोष पुष्कळ कमी होतो. आपल्या मोडाच्या मटकीत ते शहाणपण आहे. पण नुसत्या धान्यावर दिवस काढणाऱ्या कुटुंबास मटकी परवडली पाहिजे! गरिबांना आहारशास्त्र शिकविणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट क्वचितच येते.

आता मातीकडे पाहावे. 1966 मध्ये पंतनगर येथे डॉ. य. ल. नेने यांनी भाताच्या ‘खैरा’ रोगाचे मूळ जमिनीतील जस्ताच्या उणिवेत आहे, हे दाखवून दिले. हरितक्रांती तेव्हा नुकतीच उंबरठ्यावर होती. पुढील दशकांत अधिक उत्पन्न देणाऱ्या वाणांनी जमिनीतून जस्त उपसले आणि शेतकऱ्याने परत घातला तो प्रामुख्याने युरिया, कारण स्वस्त तोच होता. आज देशातील तपासलेल्या जमिनींपैकी सुमारे एकतृतीयांशांहून अधिक जमिनींत जस्त अपुरे आढळते; महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ते असूनही पिकाला लाभत नाही. 2010 मध्ये पोषकद्रव्याधारित अनुदान योजना आली, तेव्हा युरिया तिच्याबाहेर ठेवण्यात आला आणि जस्तयुक्त खताला टनामागे 500 रुपयांचे जादा अनुदान देऊन सरकार मोकळे झाले. जमीन सरकारी किंमतपत्रक पाहून कसली गेली, यात शेतकऱ्याचा दोष तो कोणता?

आणि हा सर्व अभाव अशा देशात, जो जस्ताच्या मोठ्या उत्पादकांत गणला जातो. भिलवाड्याजवळची रामपुरा-आगुचा ही जगातील सर्वांत मोठ्या जस्तखाणींपैकी एक होय. 1966 मध्ये स्थापन झालेली सरकारी हिंदुस्थान झिंक कंपनी 2002 मध्ये, आरंभी 26 टक्के भाग व्यवस्थापनासह विकून, खाजगी उद्योगसमूहाच्या हवाली करण्यात आली; त्या विक्रीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विक्रीवर टीका करावयाची ती अवश्य करावी. पण कंपनी सरकारी होती त्या 36 वर्षांतही खाणीतले जस्त शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचविणे हे नियोजनकारांना आपले काम वाटले नव्हते, हेही समाजवाद्यांनी प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. मालकी सार्वजनिक असली तरी वाटप बाजाराच्याच हाती राहिले होते.

या उपेक्षेची किंमत सर्वांत लहान माणसे मोजतात. अतिसार झालेल्या मुलांना जस्त दिल्यास आजार लवकर आटोपतो, हे सिद्ध करणारा एक महत्त्वाचा अभ्यास दिल्लीतच झाला व 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी क्षारसंजीवनीच्या जोडीला जस्ताची गोळी देण्याची शिफारस केली. सहा महिन्यांवरील मुलाला दररोज 20 मिलिग्रॅम, आणि जुलाब थांबले तरी आपल्याकडे 14 दिवस पुरे करावयाचे, एवढाच हा उपचार. खर्च नगण्य. असे असता 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अतिसार झालेल्या मुलांपैकी क्षारसंजीवनी मिळालेली 60.6 टक्के आढळली, तर जस्त मिळालेली अवघी 30.5 टक्के. दहांपैकी सात मुले या गोळीवाचून राहिली. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण 20.3 टक्के होते, तेव्हा सुधारणा नाही असे म्हणता येणार नाही. परंतु हा वेग कोणत्या निकषावर समाधानकारक मानावयाचा, याचे उत्तर आरोग्यखात्याने द्यावे.

पावसाळ्याच्या तोंडावर कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या उपकेंद्रात आणि आशाताईंच्या पेटीत या गोळ्या आहेत की नाहीत ते पाहावे, साठा संपल्याची तारीख लिहून घ्यावी, आणि ग्रामसभेत ती तारीख मोठ्याने वाचून दाखवावी.