काउंटरवरचं कार्ड



दिवाळीच्या खरेदीत काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, आमचं क्रेडिट कार्ड घ्या, आजच्या बिलावर १० टक्के सूट." ६,००० वर ६०० वाचले. आनंदाने सही केली.

पुढच्या महिन्यात मुलांची फी आली, म्हणून बिलातली 'किमान रक्कम' तेवढी भरली. तीन महिने तेच. व्याज दरमहा साडेतीन टक्के, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. वाचलेले ६०० त्यातच गेले. बाकी थकली की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हेही तेव्हाच कळलं. घरात सांगायची लाज वाटली.

कार्ड वाईट नाही. पूर्ण बिल वेळेवर भरणारीला ते बिनव्याजी वापरता येतं, वर पॉइंटही मिळतात. पण सूट आहे म्हणून घेतलेली तिसरी साडी ही बचत नव्हे, परिग्रहच. परिग्रह-परिमाण व्रतात आपण वस्त्रांची मर्यादा ठरवतो. मग उधारीची का नको?

मी आता खात्यात पैसे असतील तेवढंच कार्डावर घेते. आणि सही काउंटरवर नाही. घरी येऊन, व्याजाचा दर वाचून मगच.