गोधडी की नवा माईक?

गेले तीन महिने एक यादी ऑनलाईन खरेदीच्या टोपलीत पडून आहे. कंडेन्सर माईक, ऑडिओ इंटरफेस, स्टँड, हेडफोन. बेरीज २५,००० च्या वर. दर शनिवारी रात्री उघडतो, बघतो, बंद करतो. बायको म्हणते, "एकदाचं घेऊन टाक, नाहीतर नाद सोड."

घरच्यांना ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत काकांच्या रविवारच्या भजनाला माणसं येईनाशी झाली, म्हणून आम्ही ते झूमवर सुरू केलं, पुढे यूट्यूबवर नेलं. काका गातात, मी पेटीवर, तानपुरा मोबाईलमधला. पहिल्याच रविवारी तानपुरा गायब! झूमला तो एकसुरी आवाज पंख्याची घरघर वाटला आणि त्याने तो इमानेइतबारे पुसून टाकला. 'ओरिजिनल साउंड' चालू केल्यावर परत आला. खर्च शून्य. शहाण्याने तेव्हाच धडा घ्यायचा. असो.

न्यू जर्सीच्या आतेभावाची तक्रार मात्र कायम. "आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतोय रे, चांगला माईक घे." म्हणून आधी एका मित्राचा कंडेन्सर मागून आणला. त्याने सगळं टिपलं! शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, काकांच्या मांडीखालची चटई आणि घुमणं तर होतंच. त्याहून वाईट म्हणजे काका आखडले. "रेडिओ स्टेशनवर बसवल्यासारखं वाटतंय," म्हणाले आणि आवाज चोरून गायले. एरवी तान घेताना मान वळते, त्या दिवशी सरळच्या सरळ.

पुढच्या रविवारी आपला जुना यूएसबी माईकच लावला, पण चार फुटांवरून एका फुटावर आणला. अंतर निम्मं झालं की गाणाऱ्याचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. उघड्या फरशीवर सतरंजी टाकली, समोर दोरीवर दोन गोधड्या, पंखा बंद. संध्याकाळी इंदूरहून आत्याचा फोन, "नवीन माईक घेतलास का रे?"

जुन्या माईकला खोट नाही असं नाही. काका हळू गातात तेव्हा मागे बारीक सूं ऐकू येते, ती चांगल्या माईकने जाईल. पण थेट प्रक्षेपणासाठी यूट्यूबची शिफारस आहे १२८ केबीपीएस आवाजाची आणि आत्या ऐकते मोबाईलच्या स्पीकरवर, पोळ्या लाटताना. तिथे ती सूं पोचतच नाही.

मला खरी चुटपुट वेगळीच आहे. आधीची चारेक वर्षं आम्ही फक्त प्रक्षेपणच केलं. नेट तुटलं की गाणंही तुटलं. २०२१ मधला एक अभंग असा अर्ध्यावर संपतो. तेव्हा काका काळी दोनमध्ये गायचे. आता ते ७९ वर्षांचे आहेत, मी पांढरी एक धरतो, तरी वरच्या षड्जाला श्वास पुरत नाही. तो अभंग आता तसा परत मिळणार नाही, कितीही महाग माईक आणला तरी.

गेल्या दिवाळीपासून प्रक्षेपण चालू असतानाच लॅपटॉपवर वेगळी वेव्ह फाईल करतो. सीडीच्या दर्जाचा एक तास म्हणजे सुमारे ६३५ एमबी, तोच १२८ केबीपीएसने ५८. लॅपटॉप भरत आलाय. तेव्हा पैसे घालायचे तर दोन हार्ड डिस्कमध्ये, एक आमच्याकडे आणि एक आत्याकडे, असं माझं ठरलंय. आतेभावाला पटलेलं नाही.

काकांचा प्रश्न निराळाच. "अरे, त्या गोधड्या धुवायला कधी काढणार आहेस?"