मंडलाला चार दरवाजे असतात

स्टेशनरीच्या दुकानात ‘मंडला आर्ट’च्या रंगवायच्या वह्यांना हल्ली स्वतंत्र फळी असते. मुखपृष्ठावर ताण घालवण्याचं आश्वासन, आत वर्तुळात पाकळ्या, पाकळ्यांत मोर, मधोमध कधी हत्ती तर कधी गणपती. मी नागपुरात एका अनुदानित शाळेत चित्रकला शिकवते. या वह्यांशी माझं वैर नाही. जेलपेन घेऊन तासभर गप्प बसलेला सहावीचा वर्ग कुठल्या शिक्षकाला नको असेल? पण इतिहासाच्या पुस्तकात बौद्ध धर्माचा भाग आला की याच वहीतलं एक पान झेरॉक्स करून वाटलं जातं, मुलं ते रंगवतात आणि उपक्रमाच्या नोंदवहीत ‘मंडलकलेतून बौद्ध धर्माचा परिचय’ असं लिहून आपण मोकळे होतो, त्याला माझी हरकत आहे. परिचय कुणाचा झाला? स्केचपेनचा.

मंडल हा मुळात एका प्रासादाचा आराखडा आहे, वरून पाहिलेला. तिबेटी बौद्धांच्या वज्रयान परंपरेत तो ठरलेल्या मापांनी काढतात. चौरस भिंती, चार दिशांना चार दरवाजे, दरवाज्यांवर तोरणं. भोवती कमळपाकळ्यांचं, वज्रांचं आणि सर्वांत बाहेर ज्वाळांचं कडं. मध्यभागी तो बुद्ध किंवा ती देवता, जिचं ध्यान करायचं. साधकानं मनानं बाहेरून आत जायचं असतं. कालचक्र मंडलात तर ७२२ देवतांची जागा नेमलेली असते, म्हणजे मनाला येईल तिथे मोर काढायची सोय नाही. रंगवता रंगवता मन हलकं करणाऱ्या वहीचं नातं तिबेटी मठापेक्षा कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाशी जवळचं आहे. १९१६ च्या सुमारास तो स्वतःच्या मनाचा ठाव घेण्यासाठी अशी वर्तुळं काढू लागला. तेही वाईट नाही, पण त्याला बौद्ध धर्माचा धडा म्हणू नये.

मग शाळेत मंडल शिकवूच नये का? शिकवावं, आणि नीट शिकवावं. माझ्या वर्गात आम्ही रंग उघडतच नाही, आधी सुतळी घेतो. बाकं भिंतीला लावायची, फरशीवर सुतळीला खडू बांधून वर्तुळ काढायचं, मग दोन आडव्या-उभ्या रेषा, मग कर्ण. पुढच्या वर्षी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणारी मुलं भूमितीच्या नावानं बोटं मोडतात. इथे तीच मुलं ‘तुझा कर्ण हुकला’ म्हणून एकमेकांशी भांडतात. चौघांनी चार बाजूंनी, मधून बाहेर भरत यायचं. मठातले भिक्खूही केंद्रापासून बाहेर येतात. त्यांच्या हातात धातूची निमुळती नळी असते, तिच्या अंगावर दाते. दुसऱ्या कांडीनं ते दाते घासले की थरथरीनं रंगीत वाळू जवळजवळ कणाकणानं पडते. तिबेटीत या नळीला चाकपुर म्हणतात. आमच्याकडे मेंदीचा कोन, त्याला चिकटवलेला तुटका कंगवा आणि घासायला पेनचं टोपण. रांगोळी कधी धो धो पडते, कधी अडून बसते. दुपारपर्यंत एक दरवाजा होतो. त्या संथपणात जे बोलणं निघतं, तोच माझा तास.

मागे एका मुलानं मान वर न करता विचारलं, ‘मॅडम, आमच्या घरी बुद्ध आहे, पण असलं काही नाही. मग हे आमचं आहे का?’

महाराष्ट्रात बौद्ध धर्म शिकवताना हा प्रश्न टाळून चालत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यातले ६५ लाखांहून अधिक आपल्या राज्यात. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांना त्रिसरण-पंचशील तोंडपाठ असतं, दीक्षाभूमीवर ती दरवर्षी जातात. त्यांच्या घरचा धम्म १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात बाबासाहेबांनी दिलेला. त्या धम्मात देवदेवतांना थारा नाही, कर्मकांडाला तर नाहीच. अशा मुलासमोर हिमालयातल्या मठांची चित्रकला ठेवून ‘हा बघ बौद्ध धर्म’ असं सांगणं म्हणजे त्याच्या घराला वर्गाबाहेर उभं करणं. मी त्याला सांगितलं की हे तिबेटी बौद्धांचं आहे, तुझ्या घरचं वेगळं आहे, आणि दोघंही बुद्धाचं नाव घेतात. मग चार दरवाज्यांपाशी आलो. त्यांचा एक प्रचलित अर्थ मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्खा असा लावतात. हे शब्द त्याच्या आजीला माहीत होते. दुसऱ्या दिवशी तो ते वर्गाला समजावून देत होता, माझ्यापेक्षा बऱ्या पालीत.

मंडल आपल्याकडे अगदीच परकं आहे असंही नाही. वेरूळच्या बाराव्या लेण्यात, तीन तालात, तळमजल्यावर एक शिल्पपट आहे. नऊ चौकटी, मधल्या चौकटीत बुद्ध, भोवतीच्या आठांत आठ बोधिसत्त्व. दगडात कोरलेलं मंडलच ते. हे काम सातव्या-आठव्या शतकाच्या आसपासचं. तिबेटात साम्ये हा पहिला विहार उभा राहिला तो आठव्या शतकाच्या उत्तरार्धात. शाळांच्या सहली वेरूळला जातात, कैलास लेण्यासमोर फोटो काढतात आणि जेवणाची वेळ झाली म्हणून बाराव्या लेण्याकडे न वळता परततात. सहल काढणाऱ्यांनी एवढं एक वळण वाढवावं. झेरॉक्सच्या शंभर पानांपेक्षा ते स्वस्त पडेल.

आणि तिबेटी माणसं? आमच्या मुलांना ती फक्त हिवाळ्यात स्वेटर विकताना दिसतात. इथून काही तासांवर, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही त्यांची वसाहत आहे, हे बहुतेकांच्या गावी नसतं. १९५९ मध्ये दलाई लामांना देश सोडावा लागला आणि त्यांच्यामागून हजारो लोक भारतात आले. वाळूचं मंडल तोवर प्रामुख्यानं मठाच्या भिंतीआड, दीक्षेच्या विधीसाठी काढलं जाई. १९८८ मध्ये नामग्याल मठाच्या भिक्खूंनी न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात ते लोकांसमोर काढलं. घर गेलेल्या लोकांनी आपली ठेव जगाला उघडून दाखवली, असं मी त्याकडे पाहते. स्वेटरवाल्या काकूंशी घासाघीस करताना मुलांना यातलं थोडं तरी आठवावं, एवढी माझी अपेक्षा आहे.

पालकांकडून दोन्ही बाजूंनी बोलणी बसतात. एका आईनं सुनावलं, ‘शाळेत धर्म कशाला शिकवता?’ एका वडिलांनी त्याउलट, बाबासाहेबांच्या लेकरांना पुन्हा देवतांकडे का नेता म्हणून. पहिल्या प्रश्नाला उत्तर सोपं आहे. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाचा रोख धार्मिक शिक्षणावर आणि उपासनेवर आहे. धर्मांविषयी माहिती देण्याला त्याची आडकाठी नाही. मी वर्गात मंत्र म्हणून घेत नाही, डोळे मिटून बसवत नाही. (शांत बसवण्याचा मोह होतो, हे खरं.) दुसरा प्रश्न मला जड जातो, कारण त्यामागे अपमान सोसलेल्या पिढ्या आहेत. त्या वडिलांना मी वर्गात येऊन बसा म्हटलं. ते आले, शेवटपर्यंत बसले, आणि जाताना म्हणाले की आम्ही आमच्या मुलाला हे सांगू, पण हे आमचं नाही हेही सांगू. मला यापेक्षा चांगला अभिप्राय नको.

राहिलं ते मोडणं. मठात मंडल पूर्ण झालं, विधी झाला की देवता ठरल्या क्रमानं उचलतात, रेषा कापतात, वाळू झाडून गोळा करतात आणि वाहत्या पाण्यात सोडतात. शाळेत हेच सर्वांत अवघड. शाळेला प्रदर्शन हवं, पालकांना फोटो हवा, सहावीच्या मुलांना तर आपण केलेलं सगळ्यांनी पाहायला हवं. अनित्यता हा शब्द शिकवायला मिनिट लागतं. हातानं भरलेला दरवाजा झाडूनं पुसताना मुलं खरोखर चिडतात. मी कुणावर सक्ती करत नाही. एका मुलीनं आपला कोपरा पुसू दिला नाही, इतर तिघांनी आपापला पुसला, आणि त्यावरून वर्गात जो वाद रंगला त्यात मला बोलायची गरजच पडली नाही.

खरी अडचण त्यानंतरची. मूल्यमापनाला चित्र लागतं आणि चित्र तर झाडून टाकलेलं. ऑफिसातून विचारणा होते, पुरावा काय जोडायचा? मी प्रत्येक मुलाला एक कोरा कागद देते आणि नुसत्या पेन्सिलीनं आराखडा काढून कोणत्या बाजूला काय होतं, का होतं, हे लिहायला सांगते. त्याचे गुण देते. रंगांना गुण नाहीत. यंदा शिक्षण खात्यानं उपक्रमांच्या यादीत मंडल ठेवायचं ठरवलंच, तर सोबत रंगवायचं पान देऊ नये. सुतळी आणि खडू पुरतात.